उद्याची चिमूट

पहाटे खांबच्या नाक्यावर कंपनीच्या बसची वाट बघत उभं राहिलं की माझा डावा तळहात आपोआप उघडायचा. मी तो उघडायचो, असं म्हणणं खोटं ठरेल. सुकेळी खिंड उतरून येणाऱ्या ट्रकचे दिवे लांबून अंगावर यायचे, हवेत गार धूळ असायची, हायवेच्या कडेला आम्ही चार-पाच जण डबे घेऊन मुकाट उभे असायचो आणि तळहात उघडा. त्यावर पुडीतली चिमूट पडायची. चुन्याच्या डबीतून अंगठ्याच्या नखावर आलेला चुना तिच्यावर बसायचा. मग उजव्या हाताचा अंगठा कामाला लागायचा. आधी हलका, मग दाबून, मग गोल. शेवटी दोन थापट्या. थापटीबरोबर उडालेली धूळ शेजाऱ्याच्या नाकात जायची, तो शिंकायचा आणि शिंक आवरता आवरता स्वतःचा हात पुढे करायचा. त्याची चिमूट त्याला, माझी माझ्या खालच्या ओठात. बार भरला, की मगच सकाळ झाली.

बस यायची. कोलाडवरून वळून धाटावला पोचेपर्यंत कुणी कुणाशी बोलत नसे. बोलणार कसं? तोंडात ऐवज होता.

मला तंबाखू लागली ती धाटावलाच. रसायनांच्या कारखान्यात गेटवर काडेपेटी काढून घेतात, बिडी-सिगरेटचं नाव काढायचं नाही. रात्रपाळीत दोन ते चार ही वेळ मोठी वाईट. टाक्यांची मापं दर तासाला लिहायची असतात आणि आकडे डोळ्यांसमोर वितळायला लागतात. अशाच एका रात्री एका जुन्या ऑपरेटरनं हात पुढे केला आणि म्हणाला, "ही धर, जागा राहशील." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी आजही सांगेन. पोराची पहिली रात्रपाळी निभावून जावी एवढंच त्याला वाटत होतं. मला चक्कर आली, घाम फुटला, ओकारी आली आणि मी जागा राहिलो. पुढची पंचवीस वर्षं मी जागाच आहे असं मला वाटत होतं.

मराठीत सवय लागते. ऊन लागतं, ठेच लागते, नजर लागते, तशी. आपण जणू रस्त्यानं सरळ चाललो होतो आणि ती येऊन लागली. आणि जाते तेव्हा ती सुटते, एसटी सुटावी तशी. आपण फलाटावर उभे. मध्ये 'सोडणे' नावाचं एक क्रियापद आहे, ज्यात कर्ता आपण असतो. ते आम्ही फार वापरायचो, पण भविष्यकाळात. "एक तारखेपासून सोडतो." "गणपती झाले की सोडतो." "पोरीचं लग्न होऊ दे, मग बघ." मुंबई-गोवा हायवेच्या पनवेल ते इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. माझं सोडणं त्याच्या आधीपासून चालू होतं. दोन्ही कामांचं एकच लक्षण: उद्घाटनं बरीच झाली. पुढे रस्त्याला खड्डे, मला खोकला.

घाबरलो नाही असं नाही. आमच्याकडे कुणाबद्दल "टाटाला नेलाय" असं सांगितलं, की ऐकणारा पुढे काही विचारत नाही. परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ सालापासून उभं आहे आणि कोकणातल्या गावागावांत ते नाव आता रोगाचंच नाव झालं आहे. आमच्या आळीतल्या एकाला नेला होता. जबडा काढून आणला. त्याला भेटायला गेलो, ओटीवर बसलो. तो पाटीवर खडूनं लिहून बोलत होता. त्यानं लिहिलं, 'पाऊस बरा हाय का इकडं?' मला उत्तर देता येईना, कारण माझ्या ओठात बार होता. मी उठून गोठ्यामागे गेलो, थुंकलो, तोंड खळबळून आलो आणि म्हणालो, "बरा हाय." त्यानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. पाटीवर पुन्हा काही लिहिलं नाही.

एवढं झाल्यावर माणूस सुधारतो, असं कथांमध्ये असतं. मी घरी येईपर्यंत अस्वस्थ होतो. आणि अस्वस्थ झाल्यावर मला काय लागायचं ते आता सांगायला नको.

पुढे खालच्या ओठाच्या आत एक पांढरट, सुरकुतलेला चट्टा दिसायला लागला. रोह्याला दाताच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझीच तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालायला लावली. बोटं गेली. "सुपारी खात नाही वाटतं," म्हणाले, "सुपारी खाणाऱ्यांचं तोंड हळूहळू मिटत जातं." मग चुन्याचं विचारलं. मला वाटायचं, चुना चवीला असतो. त्यांनी समजावलं की चुन्याच्या अल्कधर्मामुळे तंबाखूतलं निकोटीन मोकळं होतं आणि गालाच्या आतल्या पातळ कातडीतून भराभर रक्तात उतरतं. नुसती तंबाखू चघळून जे मिळालं नसतं, ते चुना मिळवून देतो. वर कातडी भाजतो ती वेगळी. मी खजील झालो. टाकीतला पीएच किती, हे दर तासाला कागदावर लिहिण्याचा पगार मी घेत होतो आणि दिवसातून दहा-बारा वेळा तीच प्रक्रिया स्वतःच्या ओठात चालवत होतो, कुठेही नोंद न करता.

"सोडलीत तर चट्टा जाऊही शकेल," ते म्हणाले. "नाही सोडलीत तर पुढचं मी सांगू शकत नाही."

ही भीती कोलाडच्या नाक्यापर्यंत टिकली. तिथे चहा घेतला. चहावर चिमूट नाही, असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

आता आईचं सांगतो, कारण खरी गोष्ट तिची आहे.

आईला मशेरी होती. लहानपणापासून आमच्या घरात दोन तवे होते. एक भाकरीचा. दुसरा पडवीच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकवून ठेवलेला. त्या दुसऱ्या तव्यावर ती तंबाखू भाजायची. पानं आधी तपकिरी होत, मग काळी, मग त्यातून असा ठसका उठे की आम्ही पोरं डोळे चोळत अंगणात पळायचो. भाजलेली पानं चुरून ती डबीत भरायची. पहाटे उंबऱ्यावर बसून तर्जनीनं दातांना लावायची. शेजारच्या दोघी-तिघी येऊन बसायच्या. अर्धा-पाऊण तास काळी बोटं, काळे दात, अधूनमधून बाजूला पिचकारी आणि गावभरच्या गोष्टी. दिवसभरात तिला स्वतःचा म्हणावा असा एवढाच वेळ होता. मशेरी त्या वेळेचं भाडं होतं असं मला वाटतं.

तिच्या साठीच्या आसपास ती बैठकीला जायला लागली. रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकाऱ्यांनी १९४३ साली मुंबईत गोरेगावला दासबोधाच्या निरूपणाची ही बैठक सुरू केली. रायगडात तर आता असं गाव शोधावं लागेल, जिथे ती नाही. आठवड्यातून एकदा बायका वेगळ्या बसतात, पुरुष वेगळे. रांगेत, मुकाट. एक समास वाचला जातो, त्यावर बोललं जातं, पैसा कुणी मागत नाही. निघताना 'जय सद्गुरू'. बस्स.

मी दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा रात्रपाळी करून गेलो आणि दोन्ही वेळा पेंगलो. दासबोधाच्या अठराव्या दशकात झोपेवर एक आख्खा समास आहे आणि त्याला लागून पुढचा श्रोत्याच्या अवलक्षणांवर, हे मला नंतर कळलं. आईला ते सांगितलं तर ती मनापासून हसली.

तिच्या मशेरीचं मात्र मला कुणी सांगितलं नाही. एके दिवशी पडवीत तो काळा तवा दिसला नाही. मागच्या दारी गेलो, तर ती दगडावर बसून तो घासत होती. राख, विटकरीचा तुकडा, नारळाची शेंडी. तीस-चाळीस वर्षांचा थर होता. ती घासत होती, पाणी ओतत होती, पाणी काळं जात होतं, ती पुन्हा घासत होती. मी विचारलं, "काय गं आये, काय चाललंय?" तर म्हणाली, "तवा धुतेय. दिसत नाय?"

तो तवा धुवायला तिला तीन दिवस लागले.

मी तेव्हा काही बोललो नाही. खरं सांगायचं तर मला राग आला. चौथी शिकलेली बाई कुणाला न सांगता, एक तारीख न बघता सोडते आणि आपण, आयटीआय झालेले, पीएच मोजणारे, तिथेच! माझ्या मनात आलं, हे भक्तीचं काम आहे, आपल्याला देव भेटणार नाही आणि आपली पुडी सुटणार नाही. असं ठरवून टाकणं फार सोयीचं होतं.

बायाबापड्यांच्या आणि दारुड्यांच्या अशा कितीतरी गोष्टी आमच्या भागात ऐकायला मिळतात. त्याला एक कारण आमची नदी आहे, असं मी गमतीनं म्हणतो. मुळशीचं पाणी टाटांच्या भिऱ्याच्या वीजघरातून उतरतं आणि कुंडलिकेत येतं, म्हणून ती उन्हाळ्यातही वाहती असते. कोलाडला त्याच पाण्यावर शहरातली पोरं राफ्टिंग करतात. पुढे ती रोह्यावरून जाते आणि रेवदंड्याच्या खाडीत समुद्राला मिळते. रोह्यात १९ ऑक्टोबर १९२० रोजी पांडुरंगशास्त्री आठवले जन्मले, ज्यांच्या स्वाध्याय परिवारानं किनाऱ्यावरच्या कोळ्यांना 'मत्स्यगंधा' नावाची सामायिक होडी दिली. आणि नदीच्या मुखाशी नानासाहेबांचं रेवदंडा. एकाच पाण्याच्या काठी ही दोन माणसं. त्यांच्या मागे गेलेल्यांची तत्त्वं वेगळी, शिस्त वेगळी. दोघांचं सगळं मला पटतं असंही नाही; एका माणसामागे इतकी माणसं गेलेली पाहिली की मी जरा लांब उभा राहतो. पण एक गोष्ट मी जवळून पाहिली आहे. स्वाध्यायी सांगतात की 'दारू सोड' म्हणून कुणाच्या दारात जायचं नाही, नुसतं भेटायला जायचं. आणि आईच्या बैठकीतही, ती सांगते त्यावरून, मशेरीचं नाव कुणी घेतलं नव्हतं. मग सुटली कशी?

हे मी तिला विचारलं, पण त्या तव्यानंतर दोन वर्षांनी. पावसाळ्याचे दिवस होते, लावणी उरकली होती. ती वाल निवडत होती. मी म्हटलं, "आये, तू मशेरी सोडलीस कशी?"

"म्या कुठं सोडली?"

"म्हणजे?"

"आरं बाला, बैठकीला जायचं त्या दिवशी वाटलं, तोंड काळं घेऊन कुठं बसू बायांत. म्हटलं, आज नको, उद्या लावू. दुसऱ्या दिशी म्हटलं, कालची नाय लावली तर मेले नाय, आज पण ऱ्हाऊ दे, उद्या लावू. अजून उद्याच चाललंय."

"म्हणजे तू सोडलीच नाहीस?"

"उद्या लावीन की," ती म्हणाली आणि किडका दाणा बाजूला टाकला.

मी पंचवीस वर्षं 'उद्या सोडतो' म्हणत होतो. ती 'उद्या लावते' म्हणत होती. आळस दोघांचा सारखाच, किंबहुना माझा जास्त कसलेला. ती फक्त तो दुसऱ्या बाजूनं जुंपत होती.

नंतर कळलं की ही युक्ती जगभर माहीत आहे. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात दोन दारुड्यांनी एकमेकांना धरून जी चळवळ सुरू केली, तिचा सगळा भर आजच्या एका दिवसावर आहे. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली मुक्तांगण उभं केलं, तिथेही आजचा दिवस हेच माप. पण मला ती आई वाल निवडत असताना मिळाली, आणि आईनं ती मला युक्ती म्हणून दिली नव्हती, हे महत्त्वाचं. दिली असती तर मी घेतली नसती.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर तळहात उघडला. मी म्हटलं, आज नको, धाटावला उतरल्यावर. उतरल्यावर म्हटलं, पहिला राउंड झाल्यावर. मग जेवणानंतर. दुपारी घरी आलो तेव्हा पुडी खिशात तशीच होती आणि डोकं ठणकत होतं. प्रेरणा-बिरणा म्हणतात तसलं मला काहीही झालं नाही. कानात शंख वाजला नाही. पहिल्यांदा बळ आलं ते सातव्या-आठव्या दिवशी, म्हणजे गरज बरीचशी भागल्यावर. बळाचं हे असंच असावं. उचलताना नसतं, ओझं अर्ध्या वाटेवर आलं की येतं.

तिसरा दिवस सगळ्यांत वाईट. तोंडात सारखं पाणी, घरात कुणी ताट ठेवलं तरी आवाज डोक्यात. संध्याकाळी मी कालव्याच्या कडेनं चालत सुटलो, पार देवकान्ह्याच्या बाजूला. तल्लफ येते तेव्हा वाटतं, ही आता जन्मभर अशीच राहणार. मी घड्याळ लावून पाहिलं. चार-पाच मिनिटांत ती उतरते. परत येते, पण उतरते. टाकीतली पातळी असते तशी. पंचवीस वर्षं पातळ्या लिहिलेला माणूस मी. ते मला समजलं. बडीशेप, भाजलेले तीळ, लवंग, सगळं ओठात धरून पाहिलं. लवंग टिकली.

हाताचं काय करायचं, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. तोंड ऐकायला लागलं, पण अंगठा ऐकेना. बसमध्ये बसलो की तो तर्जनीवर फिरायचा. शेवटी मी शेजारच्या सीटवरच्या मित्राची तंबाखू मळून द्यायला लागलो. त्याची पुडी, त्याचा चुना, माझा अंगठा. मळण्यात मी तरबेज होतोच. थापटून चिमूट त्याच्या हातावर ठेवायची आणि हात रुमालाला पुसायचे. बसमधले हसायचे: "सुईण झालास की रं, बाळ दुसऱ्याचं!" हे बरोबर होतं का? नसेल. डॉक्टरांना मी हे सांगितलेलं नाही. पण आठ-नऊ महिने मी असाच निभावलो, आणि पुढे पाळ्या बदलल्या तेव्हा तेही आपोआप थांबलं.

मध्ये एकदा घसरलो. जानेवारीत शेतावर पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ-ओवा, बटाटे, कोंबडी. मडकं उपडं करून भोवती पेंढा-गोवऱ्यांचा जाळ. थंडी मजबूत होती. कुणीतरी बाटली काढली, कुणीतरी चंची. पोपटीचा धूर, भांबुर्ड्याचा तो उग्र वास आणि अंधारात पुढे आलेला एक हात. मी घेतली. चक्कर आली, थेट पहिल्या रात्रपाळीसारखी. सकाळी उठलो तो सगळं बुडालं अशा थाटात. पुडी आणायला नाक्यावर निघालो. आता काय उरलंय राखायला?

आई अंगणात होती. तोंडावरून ओळखलं तिनं. "खाल्लीस?"

"हो."

"किती?"

"एक चिमूट."

"मग एकच खाल्लीस. उंदीर शिरला म्हणून कुणी कणगी पेटवत नाय. जा, अंघोळ कर."

मी बैठकीतली, पुस्तकातली, पोस्टरवरची बरीच वाक्यं ऐकली आहेत. तंबाखूच्या पुड्यांवर २०१६ पासून ८५ टक्के जागा सडलेल्या तोंडाच्या चित्राला आणि इशाऱ्याला दिलेली असते. मी ते चित्र वर्षानुवर्षं अंगठ्याखाली झाकून पुडी फाडली. त्या सकाळी कणगीचा उंदीर लागू पडला. का, ते सांगता येत नाही. बहुतेक त्यात मला रागावलेलं नव्हतं म्हणून.

आई आता नाही. तिचा दासबोध कपाटात आहे. एकोणिसाव्या दशकात करंट्याची लक्षणं सांगणारा एक समास आहे आणि त्याच्या लगेच पुढे भाग्यवंताची लक्षणं सांगणारा. तिला वाचता फार येत नसे, पण त्या दोन समासांच्या मध्ये तिनं एक मोरपीस ठेवलं होतं. मी ते हलवलेलं नाही. ती कुठल्या पानासाठी ठेवत होती, स्वतःच्या की माझ्या, हे विचारायचं राहिलं. तवा मात्र रोजच्या वापरात आहे; बायको त्यावर घावन काढते, आणि घावन सुटतात.

रोह्याच्या डॉक्टरांनी गेल्या महिन्यात ओठ उलटा करून पाहिला. चट्टा दिसत नाही म्हणाले. जीभ फिरवली तर मला ती जागा अजून थोडी खरबरीत लागते. दर सहा महिन्यांनी दाखवायचं ठरलं आहे.

कंपनीच्या बॅगेच्या कडेच्या कप्प्यात चुन्याची डबी तशीच आहे. आतला चुना वाळून खडा झालाय, हलवली की वाजते. ती टाकून द्यायची आहे. उद्या टाकतो.